दोन डाव्या बुटांचं शहर

क्युपर्टिनोतल्या जपानी वाणसामानाच्या दुकानाच्या दाराशी काचेची एक छोटी भट्टी असते. तिच्यात काळ्या गरम खड्यांवर रताळी भाजत ठेवलेली असतात. परवा माझी नात रेवा मला तिथे घेऊन गेली. तिला कसलासा हिरवा चहा हवा होता. ती आत गेली आणि मी भट्टीपाशीच थांबले. साल करपल्याचा, आतली साखर किंचित जळल्याचा तो वास नाकात शिरला आणि मी अशी काही उभी राहिले, की मागच्या बाईने दोनदा ‘एक्स्क्यूज मी’ म्हटलं तेव्हा कुठे बाजूला झाले.

"आजी, you're smiling at a potato," रेवा मागून येऊन म्हणाली.

"रताळं आहे ते. आणि मी त्याला नाही हसत."

"मग?"

"एका बाईला हसतेय. चोपन्न वर्षांची, सहावारी साडी, पायात एकच बूट. महामूर्ख."

"Who?"

"मी."

तिने रताळं घेतलं, कागदात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुरू केली. तो गरम भार मांडीवर घेऊन मी वीस वर्षं मागे गेले, आणि थेट समुद्रापलीकडे.

साल दोन हजार चार, महिना नोव्हेंबर. रेवा तेव्हा मंजूच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, पोटात होती आणि आज-उद्या यायच्या बेतात होती. आम्ही दोघं सांगलीहून बाळंतपणाला निघालो होतो. विमानप्रवास पहिलाच. मुंबईहून रात्रभर उडून सकाळी सातला जपानात ओसाकाला उतरायचं आणि तिथून अमेरिकेचं विमान संध्याकाळी पाचला. मधल्या दहा तासांचं काय करायचं, हा माझ्या मते प्रश्नच नव्हता. खुर्चीत बसायचं, पर्स मांडीवर घट्ट धरायची, दशम्या खायच्या.

"दहा तास हातात आणि बाहेर एक आख्खं शहर," हे म्हणाले होते, "आणि तू दशम्या खाणार?"

हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. उभं आयुष्य कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलं, त्यांतला एक कालवा पायी चालून पाहिला असेल तर शपथ. निघायच्या आधी दोन महिने त्यांनी कुठून कुठून नकाशे मिळवले, ट्रेसिंग पेपरवर ओसाकाचा मधला भाग उतरवून घेतला आणि त्यावर लाल शाईने एक रस्ता आखला. कोपऱ्यात उत्तरेचा बाण. बाण इतका सुबक, की वाटावं उत्तर दिशा यांच्या सहीनेच तिकडे नेमली गेली आहे. विमानतळाबाहेर पडायचा एका दिवसाचा परवानाही काढून ठेवला होता. मला सांगितलं ते थेट मुंबईच्या विमानतळावर, परतीची वाट बंद झाल्यावर.

आता पायाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट पायातच आहे. लहानपणीच्या तापात यांचा डावा पाय वाढायचा राहिला. उजव्यापेक्षा दोन इंच आखूड. मिरजेचे एक कारागीर त्यांच्यासाठी डाव्या बुटाला जाड तळ चढवून द्यायचे. तीन आठवडे लागायचे, तीनदा पाय मापाला द्यावा लागायचा. तो बूट घातला की हे हलकेसे लचकत, पण चालत. तो नसला की भिंत धरून. घरात वीस पावलं, दारात संपलं. अमेरिकेला निघताना नवा जोड शिवून घेतला होता आणि जुना कुणाला तरी देऊन टाकला होता. सहा महिने तिथे राहायचं होतं. "मंजूच्या घरी मला खुर्चीतला आजोबा व्हायचं नाही," ते मला सारखं सांगत. "बाळाला खांद्यावर घेऊन गावभर फिरणार मी."

आणि आता माझं. हे सांगताना माझे कान आजही गरम होतात, म्हणजे अजून थोडी लाज शिल्लक आहे. एकविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. पाय कुणी लपवला नव्हता, वडिलांनी मला विचारलं होतं आणि मी मोठ्या उदारपणे ‘चालेल’ म्हटलं होतं. फार मोठी विदुषी ना! चालेल म्हटलं, पण बरोबर चालायची वेळ आली की माझी विद्वत्ता चपलेच्या बंदात अडकायची. बाजारात निघालो की मी चार पावलं मागे. बंद बांध, पदर सावर, आणि सगळ्यांत सोपं म्हणजे दुकानाच्या काचेत बघत उभी राहा. भांडी, छत्र्या, सायकलींचे दिवे, काय वाटेल ते. हे लचकत पुढे जायचे, मग मी भरभर गाठायची, पुन्हा दुसरी काच. समोरून येणाऱ्याला कळू नये की ही दोघं एकमेकांची आहेत. तेहतीस वर्षं मी हे इतक्या सफाईने केलं, की मला वाटायचं कुणालाच कळलेलं नाही.

ओसाकात मी असं करायचं काही कारण नव्हतं. तिथे आम्हाला ओळखणारं होतं कोण? तरी मी सकाळी साडेनऊला नांबा स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या चार पावलं मागे! सवय म्हणजे सवय.

पण काय शहर होतं ते! आम्ही वर रस्त्यावर आलो आणि समोर चौक, चौकात शेकडो माणसं थांबलेली. गाडी एक नाही, रस्ता रिकामा, आणि तरी सगळे उभे. कुणी बोलत नाही, ढकलत नाही. मग दिवा बदलला आणि कुठूनसा पक्षी ओरडला. मी वर पाहिलं, झाड नाही. हे म्हणाले, "दिवाच ओरडतोय. आंधळ्यांना कळावं म्हणून." आणि त्या पक्ष्याच्या तालावर ती सगळी माणसं निघाली, समोरून तितकीच आली, एकमेकांतून आरपार गेली आणि कुणाचा खांदा कुणाला लागला नाही. मला वाटलं, एवढ्या माणसांची एकत्र तालीम कधी झाली असेल?

मग छपराखालचा बाजार. रस्ताच्या रस्ता छपराखाली, दुसरं टोक दिसेना. एक दुकान नुसत्या सुऱ्यांचं. एक नुसत्या ब्रशांचं. फळवाल्याकडे लालभडक फळं, प्रत्येकाला जाळीचं झबलं घातलेलं, न्हाऊमाखू घातलेल्या बाळांसारखी ओळीने निजवलेली. मासळीचा वास आला की मी नाकाला पदर लावायची आणि दोन पावलांवर भाजलेल्या चहाचा धूर यायचा की पदर खाली. एका खानावळीच्या काचेत ताटंच्या ताटं वाढून ठेवलेली, वाफाळणारी वाटावीत अशी. "उघड्यावर केव्हाचं ठेवलंय, माशी कशी नाही?" मी म्हटलं. हे काचेला नाक लावून म्हणाले, "मेणाचं आहे. माशीला कळलं, तुला नाही."

एका हातगाडीवर एक म्हातारा लांबलचक हाळी देत होता. रडतोय की गातोय कळेना. जवळ गेलो तर भाजलेली रताळी! मला इतकं माहेर भेटल्यासारखं झालं, की मी त्याच्याशी मराठीतच बोलले. "दोन द्या, मोठी बघून द्या." त्याने दोन दिली, मोठी बघून.

आणि हे? हे माझ्यासारखं वर बघतच नव्हते. खाली बघत होते. पदपथावर मधोमध पिवळ्या फरशांची एक पट्टी, तिच्यावर उंचवटे. लांब लांब रेघा असल्या की सरळ जा, गोल ठिपके आले की थांब, पुढे वळण आहे. हे वाकले, भर गर्दीत, आणि त्यांनी त्या फरशीवरून हात फिरवला. माणसं पाण्यासारखी दोन्ही बाजूंनी वाहत गेली. मी अर्थातच चार पावलांवर, सुऱ्यांच्या दुकानाच्या काचेत. तिथून मला त्यांचा चेहरा दिसला. देवळात सुद्धा मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"काय झालं?" मी शेवटी जवळ जाऊन विचारलं.

"अगं, हे शहर कुणीतरी पायाचा विचार करून काढलंय," ते म्हणाले. "आम्ही नकाशे काढले, त्यांत पाणी होतं, उतार होता. पाय कुणाचाच नव्हता."

बाजाराच्या आत एक बोळ, बोळात एक चिमुकलं उघडं देऊळ. मूर्ती नखशिखांत शेवाळाने झाकलेली. चेहरा नाही, हात नाहीत, नुसता ओला हिरवा मखमली आकार. येणारा प्रत्येक जण लाकडी पळीने पाणी घ्यायचा आणि त्या आकारावर घालायचा. आपल्याकडे पिंडीवर घालतात अगदी तसंच. कोटबूटवाला घाईघाईत आला, पाणी घातलं, डोळे मिटले, गेला. शाळेच्या मुली आल्या, पाणी घातलं, खिदळल्या, गेल्या. ते शेवाळ म्हणजे कुणाकुणाच्या कसल्या कसल्या मागण्यांची साय. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच पावली मी मूर्खपणा केला.

"बूट काढा," मी म्हटलं.

"अगं, इथे कुणीच काढत नाहीय. उघड्यावर आहे सगळं."

"त्यांचा देव चालवून घेत असेल. आपलं आणि त्याचं कुठे बोलणं झालंय?"

काढले. आता काढलेले बूट ठेवायचे कसे, यात मी तरबेज. माझ्या आत्याची शिकवण. यात्रेत, देवळात चपलांचा जोड एका जागी कधी ठेवायचा नाही. एक इथे, एक तिथे. चोराला जोड लागतो, एकटी चप्पल घेऊन तो काय करणार? त्या युक्तीने मी जन्मात एक चप्पल गमावली नव्हती. तेव्हा मी दोघांचे उजवे बूट बाकाखाली सरकवले आणि दोघांचे डावे, यांचा जाड तळाचा काळा आणि माझा राखाडी कॅनव्हासचा, वीस पावलांवर दगडी दिव्यामागे नेऊन ठेवले. यांना म्हटलं, "आता निवांत नमस्कार करा."

निवांत केला. बाळ सुखरूप येऊ दे म्हणून मी तीन पळ्या पाणी घातलं. बोळाची भिंत धरून हे बाकापर्यंत आले, उजवा बूट घातला. मी माझा एक पायात चढवला, एक पाय मोज्यातच ठेवून दिव्यामागे गेले.

तिथे काही नव्हतं.

दिव्याभोवती फिरले. शेजारच्या कुंड्या हलवल्या. परत आले तेव्हा यांना माझ्या हातांकडे बघूनच कळलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. उजव्या पायातल्या बुटाकडे बघत हळूच म्हणाले, "डावाच."

घड्याळात साडेबारा. दोनची गाडी धरून विमानतळावर जायचं होतं. तिकीट त्याच विमानाचं, मंजूचे दिवस भरलेले. आणि समजा कसंतरी भिंती धरत विमानात चढलोच, तरी पुढे काय? सहा महिने खुर्ची. मिरजेची मापं मिरजेत.

मग माझं तोंड सुटलं. "जपानी असले म्हणून काय झालं! चोर तो चोर. एवढे वाकून नमस्कार करतात, ते वाकून बूटच उचलत असतील!" शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी. पुरावा काय, निष्कर्ष काय! रेवाला हे सांगितलं तर ती मला मत द्यायचा हक्कही ठेवणार नाही.

उदबत्त्यांच्या टपरीतून एक आजीबाई बाहेर आल्या. माझ्या खांद्याला येतील एवढ्या, पाठीत वाकलेल्या. आमच्या पायांकडे पाहिलं आणि ‘आआ’ केलं. मग भराभर हातवारे. दगडी दिव्याकडे बोट, दोन बोटांनी काहीतरी चिमटीत उचलल्यासारखं, मग ताठ उभं राहून कपाळाला हात लावून सलाम.

"मिलिटरीने नेला म्हणतायत," हे म्हणाले. त्यातही यांना विनोद सुचला, हे बघून मला रडू आलं.

आजीबाई आत गेल्या आणि सपातांचे दोन जोड घेऊन आल्या, माझ्या पुढ्यात मांडून ठेवले, टाचा माझ्याकडे, म्हणजे सरळ पाय घालावा. आणि मी घातले का? नाही! दुसऱ्याचं पादत्राण पायात घातलं की त्याची साडेसाती आपल्या मागे लागते. हेही आत्याचंच. मी हात जोडून मान हलवली. यांना तर त्यांचा उपयोगच नव्हता, दोन इंचांचं काय करणार? आजीबाईंनी आमच्याकडे पाहिलं, टपरीवर एक फडकं टाकलं, आणि ‘चला’ अशी मान करून निघाल्या.

तर असे आम्ही ओसाकाच्या भर बाजारातून निघालो. पुढे वाकलेल्या आजीबाई. मागे हे, माझ्या खांद्यावर हात टाकून, कारण भिंत धरायची तर दुकानं मध्ये येत होती. आणि मी. माझा उजवा पाय बुटात, डावा मोज्यात. उजवा पडला की मी वर, डावा पडला की खाली. यांचंही तसंच, पण जास्त खोल. दहा पावलांतच दोघांचा ताल जुळला. एका मोठ्या दुकानाच्या काचेत आम्ही मला दिसलो. दोन माणसं एकाच लाटेवर असल्यासारखी एकदम वर, एकदम खाली. मी लचकत होते. भर दुपारी, हजारो माणसांत, सहावारीत.

आणि कुणीही बघत नव्हतं. माणसं येत होती, बाजूला होत होती, जात होती. मी ज्यांना तेहतीस वर्षं घाबरले ते बघणारे होते तरी कुठे? सांगलीत तरी होते का?

हे काचेपाशी थांबले. "उभं राहायचंय का तुला?"

"कशाला?"

"दुकान आहे ना. तू थांबतेस. तेहतीस वर्षं बघतोय, इतक्या काचांत बघितलंस, एकदा काही विकत घेतलंस?"

रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. ‘भाजीत मीठ कमी आहे’ म्हणावं तसं. मला वाटत आलं होतं की मी लपून होते. हे पहिल्या दिवसापासून मला लपू देत होते.

मी काचेकडे पाठ केली. "आज नाही बघायचंय," एवढंच म्हटलं.

"मग नीट धर. खांदा दुखेल तुझा," म्हणाले, आणि त्यांनी कोपर पुढे केलं. मी हात घातला. बाहेर, उजेडात, आयुष्यात पहिल्यांदा.

सलामाचा अर्थ कोपऱ्यावर कळला. आपल्याकडच्या पानाच्या टपरीएवढी पोलीस चौकी, आत एक तरुण पोलीस, आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर आमचे दोन डावे बूट. नाड्या आत खोचलेल्या, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. यांचा काळा, माझा राखाडी. फोटोला बसलेल्या नवराबायकोसारखे. चोराला जोड लागतो, हे आत्याचं खरंच होतं. पण एकटा बूट दिसला की ज्यांना तो ‘हरवला’ असंच वाटतं, अशा माणसांचं गाव तिने पाहिलं नव्हतं.

पोलिसाने अर्ज काढला. इंग्रजी त्याचं मोजकं, यांचं खात्यातलं.

"टू पीपल?"

"येस."

"वन लेफ्ट, वन लेफ्ट?" तो बुटांकडे बघत म्हणाला. "व्हाय?"

"इंडियन सिस्टिम," हे छाती काढून म्हणाले. "वन हिअर, वन देअर. फॉर थीफ."

पोलिसाचं पेन थांबलं. "थीफ?" त्याने फोनकडे हात नेला.

"नो, नो! नो थीफ हिअर," हे घाईने म्हणाले. "थीफ इज इन इंडिया ओन्ली."

मी पदर तोंडावर घेतला. देशाची अब्रू दोन डाव्या बुटांपायी गेली. पोलिसाने आजीबाईंना सगळं समजावून सांगितलं. एक इथे, एक तिथे, हाताने दाखवलं. आजीबाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या, हसता हसता त्यांना बाकावर बसावं लागलं. मग पोलीस हसला. मग हे. मग मीही, दुसरं करणार काय?

पण त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. पोलीस टेबलामागून बाहेर आला, जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने यांचा डावा बूट दोन्ही हातांत घेतला. उलटा करून तळ पाहिला. थरावर थर कसा बसवलाय, कडा कशी घासलीय, त्यावरून अंगठा फिरवला. "गुड वर्क," तो म्हणाला.

"मिरज," हे म्हणाले. "एम, आय, आर, ए, जे."

त्याने उठून ते अर्जावर लिहिलं! ओसाकाच्या कुठल्यातरी कपाटात मिरजेचं नाव अजून पडून असेल. मग पुन्हा गुडघ्यावर बसून त्याने लांब दांड्याच्या चमच्याने तो बूट यांच्या पायात चढवून दिला. मी बघत राहिले. घरी मी तोच बूट पाहुणे आले की दारामागे सरकवत असे.

एक वाजून चाळीस मिनिटं. आजीबाई वाकल्या, आम्ही वाकलो, त्या आणखी वाकल्या, आम्ही आणखी. हे म्हणाले, "आता पुरे, नाहीतर विमान चुकेल." स्टेशनकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराच्या पानांची झाडं, सगळी पिवळीधम्मक. वारा आला की पानं गिरक्या घेत खाली. खाली पिवळं, वर पिवळं, हवेत पिवळं, आणि त्यातून जाणारी माणसं क्षणभर सोन्याची होऊन पुन्हा साधी. दोन्ही बूट पायात असूनही मी हात सोडला नाही. माझी सरळ चाल मात्र आता यांच्या तालात बसेना. नकाशावरची लाल रेघ निम्मीच झाली होती. "उरलेली पुढच्या वेळी," हे म्हणाले. ती पुढची वेळ राहूनच गेली.

आता हे नाहीत, सहा वर्षं झाली. ट्रेसिंग पेपर पिवळा पडून घडीवर फाटला. क्युपर्टिनोतही तीच झाडं आहेत, पुढच्याच रस्त्यावर, नोव्हेंबरात तशीच पिवळी होतात. त्या वर्षी हे रेवाला खांद्यावर घेऊन त्यांच्याखालून रोज चालायचे. त्या रस्त्यावर चालणारं दुसरं कुणीच नसायचं. गाड्या हळू व्हायच्या, काच खाली करून माणसं विचारायची, काही मदत हवी का. हे हात हलवायचे. मंजू वैतागायची, "बाबा, कशाला चालत जाता, मी ड्राइव्ह करते ना!" सहा महिन्यांत त्या बुटाचा तळ एका बाजूने झिजला.

पण मी मधलं एक सोडून पुढे आले. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ.

विमानाच्या दाराशी एक धिप्पाड, हसरी बाई चाकांची खुर्ची घेऊन उभी होती, हातात यांच्या नावाची पाटी. यांनी नाव वाचलं, खुर्ची पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणी सांगितलं?"

"मंजूने असेल," मी म्हटलं. मग त्यांची नजर काही हलेना. "मी. सांगलीहून फोन केला होता."

"बरं," एवढंच म्हणाले.

"इट्स अ लाँग वॉक, हनी," ती बाई म्हणाली. "वीस मिनिटं तरी."

मी खांद्यावरच्या दोन्ही पिशव्या काढल्या, डिंकाच्या लाडवांची आणि बाळंतविड्याची, आणि खुर्चीत शेजारी शेजारी बसवल्या. तिला म्हटलं, "दे आर टायर्ड." ती इतकी हसली की खुर्ची हलली. मग ती पुढे, लाडू खुर्चीत, आणि आम्ही मागून चालत. त्या लांबच लांब बोळातून सगळं विमान आमच्या पुढे निघून गेलं.

मध्येच हे थांबले आणि भिंतीवरच्या घड्याळावरून आपलं घड्याळ लावायला लागले. "तारीख काय गं आज?"

मी सांगायला गेले आणि अडखळले.

"तीच आहे," ते म्हणाले. "समुद्रात तारखेची रेघ ओलांडली आपण. सकाळचे दहा, आणि दिवस तोच. आपण अजून देवळात पोचलोच नाही आहोत."

"म्हणजे मी अजून बूट ठेवलेच नाहीत?"

"नाही. अजून तू शहाणी आहेस."

शेवटचं दार आपोआप सरकलं. कठड्यापलीकडे माणसांची गर्दी, आणि गर्दीत मंजू, दोन्ही हात पोटावर ठेवून. डॉक्टर नको म्हणाले असणार, तरी आलेली. तिची नजर आधी खुर्चीवर गेली. खुर्चीत लाडू. मग आमच्यावर. यांच्या कोपरात अडकलेला माझा हात तिने पाहिला आणि तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला. तिच्या जन्मात तिने असं काही पाहिलंच नव्हतं. ती लोकांना ढकलत पुढे आली.

"आई! काय झालं? चक्कर आली का तुला? बाबा, काय झालं हिला?"

"काही नाही गं," हे म्हणाले, आणि माझा हात त्यांनी कोपरात आणखी घट्ट दाबला. "आत्ता आत्ता चालायला लागलीय. धरावं लागतं जरा."